गंभीर विषाणुजन्य न्यूमोनियात अमिनो आम्लं उतरतात. ती भरून काढायची का?

नत्रवाही
इन्फ्लुएन्झा असो वा कोविड, ऑक्सिजन लागलेल्या रुग्णांच्या रक्तातली अमिनो आम्लं मोजली की चित्र साधारण तेच येतं. ट्रिप्टोफॅन उतरलेलं, त्यापासून बनणारं कायन्युरेनिन चढलेलं. आर्जिनिन आणि सिट्रुलिन खाली. ग्लुटामिन खाली, ग्लुटामेट वर. फिनाइलअलानिन वर. कोविडमध्ये २०२० पासूनच्या मेटाबोलोमिक्स (रक्तातले शेकडो लहान रेणू एकदम मोजणाऱ्या) अभ्यासांत हे वारंवार आलं, आणि कायन्युरेनिनचा चढ आयएल-६ या दाहाच्या निरोप्यासोबत चालतो हेही.

आता मुद्दा. हा बदल आजाराला गंभीर करतो, की गंभीर झालेला आजार हा बदल घडवतो? पहिलं खरं असेल तर कमी पडलेलं अमिनो आम्ल दिल्यावर रुग्ण सुधारायला हवा. माझं मत स्पष्ट आहे : मोजायला उत्तम, भरायला धोक्याचं. खोडून काढा.

शंकासुर
जागा अडवून ठेवतोय. ‘प्रथिनं भरपूर खा’ म्हणणारे येईपर्यंत वाचतो.

कौमुदी
ट्रिप्टोफॅन मी घेते, कारण सगळ्यात जास्त काम तिथेच झालंय.

शरीर जे ट्रिप्टोफॅन मोडतं त्यातलं ९० टक्क्यांहून अधिक कायन्युरेनिनच्या वाटेने जातं. सेरोटोनिनच्या वाट्याला अगदी थोडं येतं. एरवी हे मोडण्याचं काम यकृतातलं टीडीओ हे एन्झाइम करतं. संसर्ग झाला की इंटरफेरॉन-गॅमा हा प्रतिकारशक्तीचा निरोप्या आयडीओ-१ हे दुसरं एन्झाइम चालू करतो, तेही मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक या प्रतिकारशक्तीच्या पेशी, रक्तवाहिन्यांचं अस्तर अशा यकृताबाहेरच्या जागी. हे ज्ञान कोविडने दिलेलं नाही. १९७९ मध्ये ओसामु हायाइशी यांच्या गटाने उंदरांना नाकावाटे इन्फ्लुएन्झा दिला, तेव्हा फुप्फुसातल्या या एन्झाइमचं काम शंभरपटीच्या घरात वाढलं होतं.

पुढे दोन गोष्टी होतात. पेशीत ट्रिप्टोफॅन आटलं की अमिनो आम्लं वाहून आणणारे टी-आरएनए रिकामे साठतात. जीसीएन-२ हे एन्झाइम ते हेरतं, प्रथिननिर्मिती सुरू करणाऱ्या ईआयएफ-२ अल्फावर फॉस्फेट चढतं आणि प्रथिननिर्मिती मंदावते. वेगाने विभागू पाहणाऱ्या टी पेशींना हे सर्वात आधी जाणवतं. शिवाय कायन्युरेनिन स्वतः एएचआर या रिसेप्टरला चिकटतं आणि तोल नियामक, म्हणजे प्रतिकार शमवणाऱ्या, टी पेशींकडे झुकतो. म्हणजे एकाच एन्झाइमने कच्चा मालही काढून घेतला आणि ‘शांत व्हा’ असा निरोपही धाडला.

शंकासुर
म्हणजे विषाणूला उपाशी ठेवायला निघालो आणि आपल्याच टी पेशी उपाशी राहिल्या?

कौमुदी
@शंकासुर, ‘विषाणूला उपाशी ठेवणं’ हे श्वसनाच्या विषाणूंबाबत मी सैलपणे वापरणार नाही. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीबाबत ते १९८४ मध्ये स्वच्छ दाखवलं गेलं : इंटरफेरॉन-गॅमा दिलेल्या मानवी पेशींत जादा ट्रिप्टोफॅन घातलं की परजीवी परत वाढतो. विषाणू आपलीच प्रथिनयंत्रणा उसनी घेतो, त्यामुळे तिथे उपासमार दोघांचीही होते आणि कोण आधी हरेल ते सांगणं अवघड.

पेशीनाथ
चांगला धागा. पण नत्रवाहींच्या ‘भरायला धोक्याचं’ या सरसकट विधानाशी असहमत. आर्जिनिनचा विचार वेगळा करायला हवा.

आर्जिनिन दोन एन्झाइमं वाटून घेतात. नायट्रिक ऑक्साइड सिंथेज त्यापासून नायट्रिक ऑक्साइड आणि सिट्रुलिन करतं. आर्जिनेज त्याचं ऑर्निथिन आणि यूरिया करतं. आर्जिनेजला आर्जिनिन सहज धरता येत नाही, पण ते काम प्रचंड वेगाने करतं, म्हणून ते वाढलं की दुसऱ्याच्या तोंडचं काढून घेतं. परिणामी रक्तवाहिन्यांच्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड कमी, प्लेटलेट अधिक चिकट, फुप्फुसातल्या बारीक वाहिन्या आकसलेल्या. गंभीर कोविडमध्ये गुठळ्यांचं प्रमाण का वाढलं, त्याच्या अनेक कारणांतलं हे एक पटण्यासारखं कारण आहे. त्यातच आर्जिनिनशिवाय टी पेशी बाहेरचा इशारा आत पोचवणाऱ्या सीडी-३ चा झीटा घटक नीट बनवू शकत नाहीत, म्हणजे तिकडूनही नुकसान.

याचा हिशेब करायला एक गुणोत्तर वापरतात : आर्जिनिन भागिले (ऑर्निथिन अधिक सिट्रुलिन). कोविडने दाखल झालेल्या प्रौढांत आणि मुलांमधल्या एमआयएस-सी (कोविडनंतर अनेक अवयवांना येणारा दाह) मध्ये ते घसरलेलं आढळलं आहे. इटलीतल्या एका चाचणीचे अंतरिम निष्कर्ष २०२१ मध्ये आले : प्रमाणित उपचारांसोबत दिवसातून दोनदा १.६६ ग्रॅम आर्जिनिन तोंडाने. दहाव्या दिवशी श्वसनाधार कमी करता आलेले रुग्ण आर्जिनिनच्या गटात जास्त होते. मग हे धोक्याचं कसं?

अतिदक्ष
@पेशीनाथ, त्याच चाचणीत विसाव्या दिवशी तो फरक उरला नव्हता, हेही लिहा. आणि १.६६ ग्रॅम दोनदा म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आत. रोजच्या साध्या आहारातूनच माणसाला चार ते सहा ग्रॅम आर्जिनिन मिळतं. तोंडाने घेतलेल्यातला बराचसा भाग आतड्यातलं आणि यकृतातलं आर्जिनेज वाटेतच संपवतं. एवढ्याशा मात्रेने मोठा फरक पडला असं म्हणताना जरा दमाने घ्यायला हवं.

उलट बाजूचं उदाहरण श्वसनाचं नाही, पण विसरू नये असं आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर दिवसाला तीनदा ३ ग्रॅम आर्जिनिन देण्याची चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. १५३ रुग्ण. आर्जिनिनच्या गटात ६ मृत्यू, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी थांबवावी लागली. आकडे छोटे आहेत, योगायोग असू शकतो, मान्य. तरी ‘नैसर्गिक आहे, काय होणार’ या वाक्याला ते पुरेसं उत्तर आहे.

शिरेतून आर्जिनिन हायड्रोक्लोराइड देताना आणखी तीन भानगडी : पोटॅशियम पेशीबाहेर येऊन वाढतं, विशेषतः मूत्रपिंड दमलेलं असेल तर, रक्त आम्लधर्मी होतं, रक्तदाब पडतो. तिन्ही गोष्टी व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला नको असलेल्या.

रातकिडा
पेशीनाथांच्या प्रतिसादात एक दुरुस्ती जोडतो. आर्जिनेज-१ बद्दलचं बरंचसं ‘मॅक्रोफेज करतं’ हे उंदरांतलं आहे. माणसात मॅक्रोफेजमध्ये ते फारसं नसतं. आपल्याकडे साठा न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या कणिकांत असतो आणि पेशी चवताळली किंवा फुटली की बाहेर पडतो. म्हणून न्यूट्रोफिल ढिगाने जमलेल्या फुप्फुसात आर्जिनिन कमी असणं माणसातही पटतं, फक्त वाट वेगळी. उंदरांवरचे आर्जिनेजरोधकाचे प्रयोग थेट माणसाला लावताना अडचण होते ती इथेच.

पेशीनाथ
@रातकिडा, दुरुस्ती मान्य.
@अतिदक्ष, मात्रेचा मुद्दा योग्य. मग सिट्रुलिन द्या! यकृत त्याला हात लावत नाही, मूत्रपिंड त्याचं आर्जिनिन करून रक्तात सोडतं. तोंडाने तेवढ्याच मात्रेत आर्जिनिनपेक्षा रक्तातलं आर्जिनिन जास्त वाढतं.

अतिदक्ष
आणि मूत्रपिंडच बंद पडलं असेल तर? गंभीर विषाणुजन्य न्यूमोनियात मूत्रपिंडाला इजा होणं नेहमीचं. तेव्हा सिट्रुलिन साठत जाईल आणि आर्जिनिन तिथेच राहील.

मोजमाप्या
तुमची गुणोत्तरं बघून एकच विनंती : आधी नमुना कसा घेतला ते विचारा. अमिनो आम्लांच्या तपासणीत निम्मे घोळ नळीत होतात.

आर्जिनिनचंच घ्या. लाल पेशींत आर्जिनेज-१ खच्चून भरलेलं असतं. बारीक सुईने जोरात ओढलं आणि रक्त फुटलं, की नळीतच आर्जिनिनचं ऑर्निथिन होतं. पेशीनाथांचं गुणोत्तर आपोआप ‘गंभीर’ दिसू लागतं. प्लाझ्मा लालसर असेल तर आर्जिनिन आणि ऑर्निथिन दोन्ही आकडे बाद समजावेत.

ग्लुटामिन खोलीच्या तापमानाला हळूहळू मोडतं आणि ग्लुटामेट चढतं. म्हणजे उशिरा पोचलेला नमुना आणि आजारी माणूस, दोघांचं चित्र एकच. नत्रवाहींनी पहिल्या परिच्छेदात लिहिलेल्या बदलांपैकी हा एक आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. साथीच्या गर्दीत विलगीकरण कक्षातून नमुना प्रयोगशाळेत पोचायला किती वेळ लागला असेल, याचा विचार करा.

पद्धत अशी : रुग्ण उपाशी असेल तर रात्रीच्या उपवासानंतर, नळीतून सतत आहार चालू असेल तर तसं लिहून ठेवायचं आणि सर्व रुग्णांत एकच नियम पाळायचा. अमिनो आम्लं जाणाऱ्या शिरेच्या मार्गातून रक्त घ्यायचं नाही. हेपरिन किंवा ईडीटीएची नळी, लगेच बर्फात. थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा करताना पांढऱ्या थराच्या अगदी जवळ जायचं नाही, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट आल्या की ग्लुटामेट, अस्पार्टेट आणि टॉरिन चढतात. प्रथिनं सल्फोसॅलिसिलिक आम्लाने तेव्हाच साकळवायची, नाहीतर सिस्टीन अल्ब्युमिनला चिकटून बसतं आणि कमी भरतं. लगेच मोजणार नसाल तर उणे ८० अंशांवर. वितळवून पुन्हा गोठवायचं नाही.

प्लाझ्मा की सीरम हेही बघा. रक्त गोठताना प्लेटलेट आपला माल सोडतात. एका अभ्यासात सीरम आणि दुसऱ्यात प्लाझ्मा असेल तर दोन आकडे शेजारी ठेवू नका.

शंकासुर
म्हणजे आजार रुग्णाला झालाय की नळीला, ते आधी ठरवायचं.

कौमुदी
मोजमाप्या, +१. ट्रिप्टोफॅनची आणखी एक खोच. ते रक्तात बरंचसं अल्ब्युमिनला धरून असतं, हे या अमिनो आम्लाचं वैशिष्ट्य. गंभीर आजारात अल्ब्युमिन घसरतं, तेव्हा एकूण ट्रिप्टोफॅन कमी दिसलं तरी मुक्त अंश तेवढा कमी झालेला नसतो. पेशीत जातो तो मुक्त अंश.

कायन्युरेनिन-ट्रिप्टोफॅन गुणोत्तराला लोक सरळ ‘आयडीओचं काम’ म्हणतात, तेही घाईचं. मूत्रपिंड मंदावलं की कायन्युरेनिन साठतं. डेक्सामेथासोन सुरू असेल तर यकृतातलं टीडीओ वाढतं, कारण ग्लुकोकॉर्टिकॉइड हा त्याचा जुना ओळखीचा चालक आहे. गंभीर कोविडमध्ये रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हा नियमच झाला. त्यानंतर काढलेल्या रक्तातलं गुणोत्तर कुणाचं, आयडीओचं की टीडीओचं? निओप्टेरिन सोबत मोजलं तर थोडा उलगडा होतो. ते इंटरफेरॉन-गॅमाने चेतवलेल्या मॅक्रोफेजमधून येतं आणि टीडीओशी त्याचं देणंघेणं नाही. अर्थात मूत्रपिंडाचा अडथळा तिथेही आहेच, म्हणून क्रिएटिनिनशिवाय यातला कुठलाही आकडा वाचू नये.

हरकतमास्तर
आतड्याचं कुणीच काढलं नाही, आश्चर्य आहे. एसीई-२ हे पेशीवरचं प्रथिन फक्त कोविडच्या विषाणूचं दार नाही. लहान आतड्यात ते बी-शून्य-एटी-१ या वाहकाला पेशीच्या पृष्ठभागावर टिकवून धरतं, आणि तो वाहक ट्रिप्टोफॅनसह उदासीन अमिनो आम्लं आत घेतो. २०२० मध्ये एसीई-२ ची पूर्ण रचना उलगडली तीही याच वाहकासोबतच्या जोडीत. २०१२ मध्ये उंदरांत दाखवलं गेलं होतं की एसीई-२ काढून टाकलं की रक्तातलं ट्रिप्टोफॅन घसरतं, आतड्यातले जंतू बदलतात आणि आतडं सुजायला सोपं जातं. ट्रिप्टोफॅन डायपेप्टाइडच्या (दोन अमिनो आम्लांच्या जोडीच्या) रूपात दिलं की सुधारणा, कारण डायपेप्टाइडला वेगळा वाहक आहे.

माणसात या वाहकाच्या जनुकातल्या दोषाने हार्टनप आजार होतो. पेलाग्रासारखी (नायसिनच्या कमतरतेत होते तशी) कातडी आणि तोल जाणं, पण तो काही न्यूमोनिया नव्हे. तेव्हा ‘विषाणूने एसीई-२ अडवलं म्हणून ट्रिप्टोफॅन घसरलं’ हे आकर्षक आहे, पण कोविड नसलेल्या सेप्सिसमध्येही (संसर्गाने अवयव निकामी होणं) ट्रिप्टोफॅन घसरतंच. मोठा वाटा आयडीओचा आणि न जेवण्याचा असावा, आतड्याचा जोडीला.

रातकिडा
पुढे नायसिनही आहे ना? कायन्युरेनिनच्या वाटेच्या टोकाला एनएडी, पेशीच्या ऊर्जेच्या कामाला लागणारा सहघटक. साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमागे १ मिलिग्रॅम नायसिन धरतात.

कौमुदी
@रातकिडा, हो, आणि वाट टोकापर्यंत जाते का हेच महत्त्वाचं. मधल्या एका पायरीला बी-२ जीवनसत्त्व लागतं, दोन पायऱ्यांना बी-६. दाहात रक्तातलं बी-६ चं सक्रिय रूप घसरतं. मग ३-हायड्रॉक्सिकायन्युरेनिन तुंबतं, जे ऑक्सिडेशन वाढवणारं आहे. म्हणजे ट्रिप्टोफॅन भराभर खर्च होतं आणि एनएडी हवं तेवढं पदरात पडतंच असं नाही. अशा वेळी वरून ट्रिप्टोफॅन घालणं म्हणजे तुंबलेल्या जागी आणखी भर. नत्रवाहींच्या बाजूने हा माझा कौल.

अतिदक्ष
आता मूळ प्रश्नाच्या सगळ्यात ठोस पुराव्याकडे येऊ : ग्लुटामिन.

पोलिओ विषाणू हीला या प्रयोगशाळेतल्या मानवी पेशींत वाढवायला माध्यमात ग्लुकोज आणि ग्लुटामिन असलं की काम भागतं, हे १९५६ पासून माहीत आहे. विषाणूच्या आरएनएमधल्या प्युरिन आणि पिरिमिडिन या घटकांचा बराचसा नत्र ग्लुटामिनमधून येतो. आणि टी पेशींसारख्या लिम्फोसाइटनाही तेच लागतं. स्नायू ते पुरवतात, आजारात पुरवठा तोकडा पडतो, रक्तातली पातळी घसरते, आणि दाखल होताना ती ४२० मायक्रोमोल प्रति लिटरखाली असलेल्यांत मृत्यू जास्त दिसतात. मग भरा, असं सगळ्यांना वाटलं.

२०१३ मध्ये रेडॉक्स चाचणी आली. व्हेंटिलेटरवरचे, एकाहून अधिक अवयव निकामी झालेले १,२२३ रुग्ण. किलोमागे ०.३५ ग्रॅम शिरेतून आणि ३० ग्रॅम नळीतून, रोज. २८ दिवसांत ग्लुटामिनच्या गटात ३२.४ टक्के मृत्यू, दुसऱ्यात २७.२ टक्के. सहा महिन्यांनीही ग्लुटामिनचा गट मागेच. ज्या थोड्या रुग्णांची आधी पातळी मोजली होती त्यांत बहुतेकांचं ग्लुटामिन कमी नव्हतंच. आणि ९३० च्या वरची पातळीही वाईट परिणामांसोबत जाते, विशेषतः यकृत थकलेलं असताना, कारण ते मोडून अमोनियाचं यूरिया करणारी जागाच बंद असते.

म्हणून एस्पेन या रुग्णपोषणाच्या युरोपीय संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत भाजलेले आणि मोठी जखम झालेले सोडून अतिदक्षता विभागातल्या इतरांना जादा ग्लुटामिन देऊ नये असं आहे. न्यूमोनिया त्या अपवादात बसत नाही.

पेशीनाथ
रेडॉक्सवर माझा आक्षेप तोच आहे जो तुम्ही लिहिलात. ज्यांना कमी नव्हतं त्यांना दिलं, तेही मोठ्या मात्रेत, शॉकमध्ये (रक्तदाब कोसळलेला) असताना, मूत्रपिंड बंद असताना. त्यावरून ‘कमी असलेल्यांना मोजून दिलं तर’ याचं उत्तर मिळत नाही.

अतिदक्ष
मिळत नाही, खरं. पण ज्याला द्यायचंय त्याने ते आधी दाखवावं. पुरावा आणायचं काम देणाऱ्याचं.

हरकतमास्तर
दोघेही ‘पातळी’वरच भांडताय. पाण्याच्या टाकीतली पातळी बघून नळ किती वाहतोय ते कळत नाही. प्लाझ्मातलं ग्लुटामिन शरीरातल्या एकूण मुक्त ग्लुटामिनचा अगदी छोटा भाग आहे, बहुतेक स्नायूंच्या आत असतं. रक्तातलं कमी दिसतं तेव्हा स्नायू कमी सोडतायत, की आतडं आणि पांढऱ्या पेशी जास्त ओढतायत, की शरीरात पाणी चढल्याने विरळ झालंय, हे त्या आकड्यात नाही. खुणेचं कार्बन किंवा नत्र जोडलेलं अमिनो आम्ल शिरेतून स्थिर वेगाने देऊन, ते किती विरळ होतं त्यावरून प्रवाह मोजता येतो. वेळखाऊ आणि खर्चिक, म्हणून कुणी करत नाही आणि सगळे पातळीवर निबंध लिहितात.

रसायनी
फिनाइलअलानिन राहिलं. ते चढतं त्याची दोन कारणं एकाच वेळी असतात. स्नायू त्याला मोडत नाहीत, म्हणून स्नायूंचं प्रथिन वितळलं की ते रक्तात ओतलं जातं. आणि यकृतात त्याचं टायरोसिन करणाऱ्या एन्झाइमला बीएच-४ हा सहघटक लागतो, जो ऑक्सिडेशनच्या ताणात नासतो. निरोगी माणसात फिनाइलअलानिन-टायरोसिन गुणोत्तर १ च्या आसपास, दाहात चढतं.

हा बीएच-४ नायट्रिक ऑक्साइड सिंथेजलाही लागतो. तो नसताना हे एन्झाइम आर्जिनिनवर नीट काम न करता ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतं आणि सुपरऑक्साइड तयार होतं. नायट्रिक ऑक्साइड आणि सुपरऑक्साइड भेटले की पेरॉक्सिनायट्राइट, जे फुप्फुसाच्या अस्तराला झोडपतं. म्हणून फिनाइलअलानिन-टायरोसिन गुणोत्तर चढलेल्या रुग्णाला नुसतं आर्जिनिन देऊन नायट्रिक ऑक्साइड वाढेल ही अपेक्षा मला भाबडी वाटते. अडचण मालाची नाही, यंत्र बिघडलंय.

पेशीनाथ
@रसायनी, हा मुद्दा भारी आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही. आर्जिनिनच्या चाचण्यांत ते गुणोत्तर सोबत मोजायला हवं होतं.

शंकासुर
नोंद घ्यावी : धाग्यावर एक सदस्य निरुत्तर झाला. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

चिकटपट्टी
एनएसी (एन-असिटाइलसिस्टीन) बद्दल कुणी लिहा की. त्यातून सिस्टीन देऊन ग्लुटाथायोन हा पेशीतला ऑक्सिडेशनरोधक वाढवायचा, याचा प्रचार साथीत फार झाला.

अतिदक्ष
दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९७ च्या एका चाचणीत प्रामुख्याने वयस्कर अशा २६२ लोकांना सहा महिने ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं. इन्फ्लुएन्झाची लागण दोन्ही गटांत सारखीच झाली, पण लागण झालेल्यांपैकी लक्षणं दिसली ती एनएसीच्या गटात २५ टक्क्यांना आणि दुसऱ्यात ७९ टक्क्यांना. आशादायक, पण ही आधीपासून घेण्याची गोष्ट, आणि सौम्य आजाराची.

गंभीर कोविडमध्ये ब्राझीलमध्ये १३५ रुग्णांवर चाचणी झाली : सुमारे २१ ग्रॅम, म्हणजे किलोमागे ३०० मिलिग्रॅम, २० तासांत शिरेतून. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत देतात साधारण तेवढंच. व्हेंटिलेटर लागण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. ग्लुटाथायोनला सिस्टीनसोबत ग्लायसिन आणि ग्लुटामेटही लागतं, पण एकदा ओतून झालं की बाकीचं जुळेल असं गृहीत धरणं हीच चूक असावी. आणि उशीर झालेला असतो तो वेगळाच.

तिरकस
कारण की परिणाम, यावर जनुकांची युक्ती वापरतात ती कुणीच आणली नाही. जन्मतः ज्यांच्या जनुकांमुळे एखादं अमिनो आम्ल आयुष्यभर किंचित जास्त किंवा कमी असतं, त्यांना गंभीर कोविड जास्त होतो का हे बघायचं. जनुकं आजाराआधीच ठरलेली, म्हणून आजाराने पातळी बदलली हा आक्षेप गळतो.

वापरताना तीन गोष्टी तपासायच्या. जनुकातला तो फरक पातळीवर खरंच पुरेसा परिणाम करतो का. तो इतर वाटांनी आजाराला हात लावत नाही ना. उदाहरणार्थ जीसीकेआर जनुकातला फरक काही अमिनो आम्लांसोबत ट्रायग्लिसराइड आणि ग्लुकोजही हलवतो, तो साधन म्हणून घेतला की निष्कर्ष नासतो. आणि उलट दिशेने गणित करून पाहायचं. शिवाय वीस-तीस अमिनो आम्लं आणि आजाराचे तीन-चार प्रकार घेतले की एखादं ‘लक्षणीय’ निघणारच, म्हणून एकाच वेळी अनेक तुलना केल्याबद्दलची गणिती दुरुस्ती केलेली नसेल तर तो निबंध बाजूला ठेवावा.

नत्रवाही
@तिरकस, या युक्तीची मोठी मर्यादा मला वेगळी वाटते. आयुष्यभर पाच टक्के कमी असणं आणि तीन दिवसांत निम्म्यावर येणं हे एकच नाही. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं मिळत नाही. आणि ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन ही तिन्ही लठ्ठपणात आणि इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरात आधीपासून वर असतात. लठ्ठपणा आणि मधुमेह हे गंभीर कोविडचे मोठे धोके. तिथे अमिनो आम्ल गुन्हेगार की साक्षीदार?

तिरकस
साक्षीदार. बहुतेक वेळा फितूरही.

चिकटपट्टी
बरं, एकेकटं अमिनो आम्ल सोडा. सगळं प्रथिनच वाढवलं तर? स्नायू तर वितळतातच.

अतिदक्ष
वितळतात, आणि वेगाने. २०१३ च्या एका अभ्यासात गंभीर रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचा छेद दहा दिवसांत १७.७ टक्क्यांनी घटला. म्हणून सगळ्यांनी प्रथिन वाढवलं. २०२३ च्या एफर्ट चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या सुमारे १,३०० रुग्णांत किलोमागे २.२ ग्रॅम किंवा अधिक विरुद्ध १.२ किंवा कमी, अशी तुलना झाली. प्रत्यक्षात पोटात गेलं १.६ आणि ०.९. बरं होऊन घरी जाण्याच्या वेळेत फायदा नाही, आणि ज्यांच्या मूत्रपिंडाला इजा होती किंवा जे फार आजारी होते त्यांना अपाय.

सध्याची पद्धत : पहिले दोन-तीन दिवस कमी, मग हळूहळू चढवत किलोमागे १.३ ग्रॅमपर्यंत. डायलिसिस सतत चालू असेल तर गाळणीतून रोज १० ते १५ ग्रॅम अमिनो आम्लं जातात, त्यासाठी किलोमागे ०.२ ग्रॅमच्या आसपास जादा. सुरुवातीच्या दिवसांत जास्त दिलेलं प्रथिन स्नायूत जात नाही, यूरिया होऊन बाहेर पडतं. बांधणीचा हुकूम बंद असतो. स्नायूला हालचाल मिळेपर्यंत आणि दाह उतरेपर्यंत तो सुरू होत नाही.

पेशीनाथ
म्हणजे नत्रवाहींचं पहिलं विधान जवळपास टिकलं. मी माझं एवढंच राखून ठेवतो : आर्जिनिनची चाचणी व्हावी, पण आजाराच्या पहिल्या आठवड्यात, मूत्रपिंड ठीक असलेल्यांत, आणि रसायनींचं गुणोत्तर मोजून.

कौमुदी
आणि वाट अडवणारं औषध भरण्यापेक्षा बरं, असंही कुणी म्हणेल, तर आयडीओ-१ रोखणारं एपॅकॅडोस्टॅट कर्करोगात २०१८ मध्ये मोठ्या चाचणीत नापास झालं होतं हे लक्षात असू द्या. न्यूमोनियात तर आयडीओ दाहाला लगामही घालतं. लगाम काढल्यावर घोडा कुठे जाईल ते आजाराच्या कितव्या दिवशी काढलात यावर आहे. त्यापेक्षा बॅरिसिटिनिबसारखं औषध इंटरफेरॉनचाच निरोप पेशीत अडवतं, म्हणजे आयडीओ चालू करणारा हातच मागे घेतला जातो. कोविडमध्ये त्याने मृत्यू कमी केले, अर्थात श्रेय एकट्या ट्रिप्टोफॅनला देता येणार नाही.

चिकटपट्टी
शेवटचं. नत्राचा जमाखर्च रुग्णाच्या खाटेशी कसा काढायचा? मेटाबोलोमिक्स सगळीकडे नसतं.

नत्रवाही
२४ तासांची लघवी गोळा करा, त्यातलं यूरिया-नत्र ग्रॅममध्ये काढा, त्यात ४ मिळवा (विष्ठा, घाम, यूरियाखेरीजचा नत्र). हा खर्च. जमा म्हणजे दिलेलं प्रथिन भागिले ६.२५. लिहून दिलेलं नको, प्रत्यक्ष गेलेलं धरा. पालथं झोपवताना आणि तपासण्यांसाठी आहार थांबतो, तो वजा करा.

उदाहरण : ७० किलोचा रुग्ण, ९१ ग्रॅम प्रथिन गेलं, जमा १४.६ ग्रॅम नत्र. लघवीत यूरिया-नत्र १६, अधिक ४, खर्च २०. तूट ५.४ ग्रॅम. १ ग्रॅम नत्र म्हणजे साधारण ३० ग्रॅम मांस, तेव्हा दिवसाला दीडशे ग्रॅमच्या वर गेलं.

मोजमाप्या
यात रक्तातला यूरिया चढत असेल तर तो हिशेबातून निसटतो. शरीरातलं पाणी वजनाच्या ०.६ पट धरा, म्हणजे ४२ लिटर. दिवसात रक्तातलं यूरिया-नत्र डेसिलिटरमागे १० मिलिग्रॅमने चढलं तर आणखी ४.२ ग्रॅम नत्र आत अडकलंय, ते खर्चात घाला. तूट ५.४ ची जवळपास दुप्पट होते.

आणि प्रयोगशाळेने ‘यूरिया’ दिलाय की ‘यूरिया-नत्र’ हे कागदावर नीट वाचा. यूरियाचा आकडा असेल तर २.१४ ने भागा. न भागता टाकलात तर रुग्ण कागदावर दोन दिवसांत विरघळून जाईल.